बिनकामाचे फोटो

सुरतेत फोटोला नोकरी असते. रिंग रोडवरच्या कुठल्याही कापड मार्केटात शिरा. जिन्याच्या वळणावर, लिफ्टच्या दारावर, गाद्यांच्या मागच्या भिंतीवर साड्या नेसलेल्या मुली उभ्या दिसतील. एक हात कमरेवर, दुसऱ्यावर उलगडलेला पदर, पाठीमागे कुठल्याशा हवेलीचा छापील पडदा आणि कोपऱ्यात डिझाइन नंबर. हा फोटो सकाळी निघतो, दुपारी त्याचा कॅटलॉग होतो आणि रात्रीच्या आत तो मालेगावच्या, नांदेडच्या, पाटण्याच्या दुकानदाराच्या फोनवर पोहोचलेला असतो. साडी मागाहून ट्रान्सपोर्टने जाते. पदराचा राणी रंग फोटोत लालसर आला तर माल परत येतो, म्हणून हे फोटो काढणारी पोरं रंगाच्या बाबतीत फार कडक. हल्ली तर मॉडेलही लागत नाही. साडी पुतळ्यावर नेसवायची, चेहरा आणि हसू संगणक जोडून देतो. मी या धंद्याला नाक मुरडत नाही. उधना-लिंबायतच्या कितीतरी घरांतली चूल या फोटोंवर पेटते, त्यात आमच्या नात्यातलीही घरं आहेत.

पण ज्या शहरात फोटो सतत काहीतरी विकत असतो, तिथे काहीच न विकणारा फोटो समोर आला की माणूस बावचळतो. तो विचारतो, ‘हा कशाचा फोटो?’ त्याला खरं तर विचारायचं असतं, ‘हा कशासाठी?’

ऑगस्टमध्ये, छायाचित्रण दिनाच्या आसपास, शहरातल्या एका छोट्या दालनात काही छायाचित्रकारांनी आपल्या चित्रांचं प्रदर्शन लावलं होतं. 19 ऑगस्ट हा तो दिवस. 1839 साली याच तारखेला फ्रेंच सरकारने दागेर या संशोधकाची फोटो काढण्याची कृती जगापुढे खुली केली. प्रदर्शनातले बहुतेक जण वर्षभर कॅटलॉग आणि लग्नं करणारे. मार्केटच्या सुटीत, स्वतःच्या हौसेसाठी काढलेले फोटो त्यांनी फ्रेम करून भिंतीवर टांगले होते. मी माझ्या मावसभावाला, नानाला, बरोबर घेऊन गेलो. नाना मूळचा आमच्यासारखाच अमळनेरकडचा. पांडेसऱ्याच्या एका डाइंग हाऊसमध्ये चेकिंगला आहे. खालून ट्यूब लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत असतं आणि नानाने त्यातला डॅमेज पकडायचा असतो. तुटलेला धागा, डाग, रंगाचा फरक, हलकी छपाई. जन्म त्यातच गेला म्हणा ना.

पहिल्याच फोटोपाशी त्याने घोळ घातला. तापीच्या पात्रावर उतरलेल्या संध्याकाळचा रंगीत फोटो होता, मोठा, बऱ्यापैकी नेटका. मी दोन पावलं मागे सरून उभा राहिलो, जसं उभं राहायची रीत आहे. नाना थेट जवळ गेला, मान तिरपी केली, आभाळाच्या निळ्या भागावर बोट न टेकवता फिरवलं आणि म्हणाला, ‘आठे पट्टा शे.’ खरंच होता. प्रिंटरचं एखादं नोझल अडकलं की शाईविना जी आडवी बारीक रेघ राहते, ती आभाळभर पुसट दिसत होती. सुरतेत कापडावरची डिजिटल छपाई वाढल्यापासून असा पट्टा चेकरच्या नजरेला सरावाचा झाला आहे. कागद काय नि पॉलिस्टर काय. फोटो काढणारा मुलगा जवळच उभा होता. त्याचा चेहरा पडला. मग त्यानेही मान तिरपी करून पाहिलं, आणि हसला. माझ्यासकट दिवसभरातल्या कुणालाही ते दिसलं नव्हतं.

मला वाटतं, फोटो पाहायला शिकवणाऱ्या पुस्तकांत ही पायरी सोडलेली असते. रचना, तृतीयांशाचा नियम, प्रकाशाची दिशा, सगळं सांगतात. पण टांगलेला फोटो ही आधी एक वस्तू आहे, कागद आणि शाई किंवा कागद आणि चांदी, हे सांगत नाहीत. फोनवर पाहिलेल्या फोटोला अंग नसतं. भिंतीवरच्या फोटोला असतं. काळा रंग किती खोल गेला आहे, त्या काळ्यात अजून काही शिल्लक आहे की नुसती शाई ओतली आहे, पांढरा म्हणजे कागदाचाच पांढरा की त्यावर उन्हाचा एक पातळ थर आहे, हे जवळ जाऊन, कडेने, अंग वाकवून पाहावं लागतं. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात रस्त्यावर उभे राहून लोक पुडीतला हिरा पांढऱ्या कागदावर ओततात आणि आयग्लास डोळ्याला लावून पाहतात, ते मी लहानपणापासून पाहत आलो. एकेका खड्यापुढे ते किती वेळ थांबतात! सुरत घाईचं शहर आहे असं म्हणणाऱ्याने या बाजारात अर्धा तास उभं राहावं. पाहण्याची इतकी तयार नजर असलेलं गाव, आणि दालनात आम्ही धरून सहा-सात माणसं.

पुढचे काही फोटो भराभर मागे टाकले. सुरकुतलेला म्हातारा होता, डोळ्यांत पाणी, दाढीचा एकेक केस धारदार. तो प्रत्येक प्रदर्शनात असतो. लाल पगडीतला रबारी होता. उत्तरायणाच्या पतंगांनी भरलेलं आभाळ होतं. दिव्याच्या उजेडात वाचणारी मुलगी होती, जिच्या पुढ्यात पुस्तक कुणी ठेवलं असावं हे सरळ कळत होतं. या फोटोंनाही नोकरी आहे, बक्षीस मिळवायची. स्पर्धेच्या परीक्षकाला काय आवडतं ते हेरून काढलेला फोटो आणि दुकानदाराला काय आवडतं ते हेरून काढलेला फोटो यांत मला फारसा फरक दिसत नाही. उलट साडीवाला प्रामाणिक, तो खाली नंबर टाकतो.

नंबर इथेही होता म्हणा. एका फ्रेमखाली पेन्सिलने ‘3/15’ लिहिलेलं पाहून नानाने विचारलं, हा लॉट नंबर का? मी सांगितलं, या फोटोच्या पंधराच प्रती काढायच्या असं काढणाऱ्याने ठरवलं आहे, ही त्यातली तिसरी. सोळावी काढणार नाही. नानाचा विश्वास बसेना. ज्या गावात चाललेलं डिझाइन आठवडा उलटायच्या आत चार मार्केटांत कॉपी होऊन येतं, तिथे एक माणूस स्वतःच्या मालाची सोळावी प्रत स्वतःहून काढत नाही? ‘का पण? मशीन तर आहे.’ मी म्हटलं, मोल राहावं म्हणून. किंमत विचारली तर आठ हजार. ‘इतला पैसामा ते...’ असं म्हणून नानाने साड्यांचा जो हिशोब सुरू केला, तो मी मध्येच तोडला. पण त्याची शंका मला अजून पुरती सोडवता आलेली नाही. एकाच्या अनेक प्रती निघणं हा फोटोचा गुणच, त्याला पंधरावर अडवायचं म्हणजे थोडं नाटकच. चित्रकाराच्या शेजारी मानाने बसता यावं म्हणून छायाचित्रकाराने घातलेली ही शाल आहे.

मग तो फोटो आला.

काळा-पांढरा, फार मोठा नाही. वॉटरजेट मागाच्या खात्यातला माणूस. वॉटरजेटवर बाण्याचा धागा पाण्याच्या फवाऱ्याने फेकला जातो, त्यामुळे खात्यात सतत ओल असते. फोटोत फरशीभर पाणी आहे आणि त्या पाण्यात छताच्या ट्यूबा लांबच लांब पडल्या आहेत, खोलीच्या टोकापर्यंत. माग दोन्ही बाजूंनी काळोखात. माणूस मधल्या वाटेत उभा, अनवाणी, चेहरा अर्धा वळलेला, शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन. बस. काही घडत नाही. मी आधी त्या ट्यूबांच्या प्रतिबिंबांतच अडकलो. फार सुंदर होती ती; काळ्या पाण्यातल्या पांढऱ्या रेघा, मध्येच एका लाटेने मोडलेल्या. मी मनात कुठल्या कुठल्या मोठ्या नावांशी तुलना करू लागलो होतो.

नाना म्हणाला, ‘याना पाय दख.’

पाय पांढुरके पडले होते. बोटांच्या टोकांवर सुरकुत्या, टाचांच्या कडा फुगून उललेल्या. आठ-दहा तास पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय. नानाचं म्हणणं, हा शिफ्ट सुटतानाचा फोटो. सुरुवातीला पाय असे नसतात. आता ते दिसल्यावर फोटोचा तोल बदलला. आधी मला जो प्रकाश सुंदर वाटत होता तो त्या पाण्याचा होता आणि पाणी त्या पायांवर चढलं होतं. सौंदर्य कमी झालं असं नाही. ट्यूबांच्या रेघा अजून तितक्याच देखण्या होत्या, पण आता त्यांच्याकडे नुसतं पाहता येईना. काढणाऱ्याला हे सगळं दिसलं होतं का? दिसलं असणार, कारण त्याने कॅमेरा छातीच्या उंचीवर न धरता गुडघ्याच्या उंचीवर धरला होता. खाली बसला होता तो, पाण्यात. पायांना चेहऱ्याइतकी जागा मिळाली ती त्यामुळे. हे मला नंतर, तिसऱ्यांदा पाहताना कळलं. चांगल्या फोटोत छायाचित्रकार कुठे उभा होता हे शोधून काढलं की निम्मा फोटो उलगडतो, असा माझा अनुभव आहे. तो कुठल्या कॅमेऱ्याने काढला याने काही उलगडत नाही. चिठ्ठीवर मात्र कॅमेऱ्याचं नाव, लेन्सचं माप, छायाचित्रकाराचं नाव, सगळं होतं.

‘याचं नाव काय?’ नानाने विचारलं. चिठ्ठीवर ते नव्हतं. छायाचित्रकार त्या वेळी हजर नव्हता आणि टेबलापाशी बसलेल्या मुलीला माहीत असायचं कारण नव्हतं.

हा प्रश्न या भागाला जुना आहे. दक्षिण गुजरातेतल्या मजुरांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी आयुष्यभर काम केलं. बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला खानदेशातून येणाऱ्या टोळ्यांवर त्यांनी 1970च्या दशकातच लिहिलं. तोडणीच्या एका जोडीला ‘कोयता’ म्हणायची, म्हणजे माणसांना हत्याराच्या नावाने ओळखायची रीत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे 2000 साली ब्रेमन आणि अरविंद दास यांच्या लेखनासोबत दिल्लीचे छायाचित्रकार रवी अग्रवाल यांनी या पट्ट्यातल्या मजुरांचे फोटो काढले, त्याचं पुस्तक ऑक्सफर्डने छापलं. दोन वर्षांनी, 2002मध्ये, अग्रवाल यांची ही चित्रं जर्मनीतल्या कासेल गावी ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात लागली. समकालीन कलेच्या जगात त्याहून मोठं व्यासपीठ शोधावं लागेल. म्हणजे आमच्या शेजारच्या वस्त्यांतली माणसं युरोपातल्या भिंतींवर लागली, लोकांनी ती उभं राहून पाहिली, त्यांच्यावर लेख आले. उधन्याच्या किती लोकांना हे ठाऊक आहे? मी त्यात छायाचित्रकाराचा दोष मानत नाही. फोटो जिथे भिंत मिळते तिथे जातात. आपण भिंत दिली नाही.

राहुल जैन यांचा ‘मशीन्स’ हा माहितीपटही असाच. गुजरातेतल्या एका प्रचंड कापड कारखान्यात घडणाऱ्या या चित्रपटाला 2017च्या सनडान्स महोत्सवात छायालेखनाचं खास पारितोषिक मिळालं. वाफ, रंगाचे हौद, गरम कापडाच्या लाटा. पाहताना जीव गुंततो, आणि गुंततो म्हणून लाजही वाटते. कष्टाचं चित्र देखणं असावं का, या वादात मी पूर्वी ‘नसावं’ या बाजूला होतो. आता नाही. ओबडधोबड फोटोपुढे कुणी थांबत नाही, आणि थांबल्याशिवाय पाय दिसत नाहीत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो ज्याने पाहिले असतील त्याला हे वेगळं सांगायला नको. त्या फोटोंतला काळा रंग इतका जपून छापलेला आहे की गटारातल्या माणसाच्या खांद्याची गोलाई सुटत नाही. ती काळजी हाच त्या माणसाला दिलेला मान आहे.

नावाचा प्रश्न मात्र तसाच राहतो. त्यासाठी थोडं मागे जाऊ. 1868 साली मुंबईत एक पुस्तक निघालं. सुरत, भडोच आणि गुजरातेतल्या इतर जुन्या शहरांविषयीचं. लेखक थिओडोर होप. गुजराती मुलांच्या कितीतरी पिढ्या ज्या ‘होप वाचनमाले’वर शिकल्या, आणि तापीवरच्या 1877च्या पुलाला ज्यांचं नाव लागलं, तेच हे होप. पुस्तकातले फोटो लिंडली आणि वॉरन या मुंबईच्या छायाचित्रकारांचे. पुस्तकात फोटो छापता येत नसत तेव्हा, म्हणून प्रत्येक प्रतीत खरे फोटो एकेक करून डकवायचे. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर चांदीचे क्षार, आणि उजेडाने काळी पडलेली ती चांदी म्हणजेच सुरतेच्या जुन्या इमारती. त्याच काळात, त्याच सुरतेत, चांदीची तार केसाहून बारीक ओढून, रेशमावर गुंडाळून जर करत. एकाच धातूवर एका गावात दोन कामं चालली होती. आज जर बहुतेक प्लास्टिकची झाली आणि फोटो शाईचे, तो वेगळा विषय. पण चांदीचा जुना फोटो प्रत्यक्ष समोर आला तर त्याच्या सावल्यांत जो उबदार तपकिरीपणा दिसतो तो शाईला अजून साधलेला नाही, हे माझं ठाम मत आहे.

जुन्या सुरतेचे फोटो पाहताना एक गोष्ट खटकते. इमारती स्वच्छ दिसतात, कबरी तर फारच. कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी कबरस्तानात जॉर्ज ऑक्सेंडन याची दुमजली कबर आहे. 1664च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा तो हाच. 1669 साली वारला. त्याचं नाव साडेतीनशे वर्षं दगडात शाबूत आहे. तशा जुन्या फोटोंत कबरीसमोर माप दाखवण्यासाठी एखादा माणूस उभा केलेला असतो, धोतर नेसलेला, हात बांधून. इमारत किती उंच हे कळावं एवढंच त्याचं काम. त्याचं नाव कुठेच नाही. आज असा फोटो पाहताना मी ऑक्सेंडनला विसरतो आणि या माणसाकडेच बघत बसतो. इतका वेळ हलू नकोस असं त्याला कुणी, कुठल्या भाषेत सांगितलं असेल?

दालनात परत येऊ. शेवटच्या भिंतीवर डुमसचा किनारा होता. डुमसची वाळू काळी. ओहोटीच्या वेळी त्या काळ्या वाळूवर पाण्याचा एक पातळ पदर राहिलेला, त्यात आभाळ, आणि क्षितिजाची रेघच नाहीशी. वर काय, खाली काय, कळत नाही. राखाडीच्या दहा छटा फक्त. मला तो फोटो मनापासून आवडला. नानाला नाही. त्याने जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, छपाई चोख असल्याचा दाखला दिला आणि म्हणाला, ‘पण हाई काय शे?’ मी समुद्र म्हटलं, शांतता म्हटलं, त्याला अश्विन मेहतांची गोष्ट सांगितली. मेहता सुरतेतच जन्मलेले, 1931 साली. निसर्गाच्या छायाचित्रणात देशात त्यांचं नाव फार वरचं. ‘हिमालया: एन्काउंटर्स विथ इटर्निटी’ हे त्यांचं पुस्तक 1985 साली लंडनच्या थेम्स अँड हडसनने काढलं. पुढे वलसाडजवळ तिथलच्या किनाऱ्यावर ते राहिले आणि 2014मध्ये गेले. बर्फ, धुकं, ओली वाळू, एखादं पान, लाट फुटायच्या आधीचा क्षण. त्यांच्या चौकटीत माणूस क्वचितच सापडायचा. इतक्या दाटीच्या गावात जन्मलेल्या माणसाने चौकट रिकामी करत न्यावी, याचं मला नवल वाटत नाही. गोपीपुऱ्याच्या गल्लीतून दुपारी बाराला चालून पाहिलं की समजतं. मेहतांचा एखादा चांगला फोटो पाहिल्यावर आपला श्वास लांबतो. त्याहून अधिक काही त्यांना करायचंही नव्हतं, असं मला वाटतं.

नानाने हे सगळं ऐकून घेतलं. ‘असेल,’ म्हणाला. त्याला डुमसचा फोटो शेवटपर्यंत आवडला नाही. मी त्याला पटवू शकलो नाही आणि आता वाटतं, पटवायचं कारणही नव्हतं. फोटो पाहणं म्हणजे सगळ्यांना सगळं आवडणं नव्हे. पाण्यातले ते पाय पाहून आलेल्या माणसाला ओल्या वाळूत शांतता दिसावी असा आग्रह मी कोणत्या तोंडाने धरू?

फोटोला काम असणं वाईट नाही, हे मी पुन्हा सांगतो. नवसारीत 1913 साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला यांचे फोटो तर रोजच्या कामाचेच होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेली ही पारशी बाई देशातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड कॅमेरे खांद्याला लावून दिल्लीभर सायकलवर फिरायची. नेहरू, माउंटबॅटन, गांधीजींची अंत्ययात्रा. फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला की त्याचं काम संपलं. 1970मध्ये त्यांनी कॅमेराच खाली ठेवला आणि नंतर वडोदऱ्यात निवांत राहिल्या. शेजाऱ्यांना त्यांची बाग ठाऊक होती. चाळीस वर्षांनी, 2010 साली, दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात तेच फोटो मोठे करून भिंतीवर लागले. बातमी शिळी झाली होती, तरी लोक फोटोंसमोर थांबत होते. नेहरूंच्या हातातून सुटणारं कबुतर आता कोणतीच बातमी देत नव्हतं. त्याचे पंख, नेहरूंच्या बाहीच्या चुण्या, वरचं रिकामं आभाळ, एवढंच राहिलं होतं, आणि ते पुरत होतं. फोटो कामातून निवृत्त झाला की मगच तो पाहण्यासारखा उरतो की नाही, हे ठरतं. उद्या कुणी सुरतेचे 1990च्या दशकातले साडी कॅटलॉग जमवून भिंतीवर लावले तर मी पहिल्या रांगेत असेन. त्या पडद्यांवरच्या हवेल्या, त्या मुलींच्या केसांचे फुगे, त्यांच्या डोळ्यांतला दिवसाच्या शेवटच्या साडीचा थकवा. तो थकवा तेव्हा दुकानदाराला दिसायची गरज नव्हती.

या शहरात भिंती नाहीत असं नाही. सिटीलाइटला महानगरपालिकेचं सायन्स सेंटर आहे, तिथेच तारांगण, कलादालन आणि 1890 साली विंचेस्टर म्युझियम म्हणून सुरू झालेलं सरदार पटेलांच्या नावाचं संग्रहालय. जावं, मुलांना घेऊन जावं. पण पांडेसऱ्याहून, डिंडोलीहून बारा तासांची पाळी करणारा माणूस सिटीलाइटला जाईल, ही अपेक्षा मला फार वाटत नाही. नाना माझ्याबरोबर आला कारण मी गाडी घेऊन दारात उभा राहिलो.

म्हणून एक सांगणं आहे, लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा, नवागाममधल्या आपल्या गणेश मंडळांना. दहा दिवस मांडव असतो. दर्शनाची रांग बांबूच्या आडोशाने हळूहळू सरकते, माणसं तासभर उभी असतात आणि त्या आडोशावर आपण प्रायोजकांचे फ्लेक्स लावतो. यंदा त्यातली एक बाजू मोकळी ठेवा. दोरी बांधा, चिमटे लावा, वर साध्या पांढऱ्या ट्यूबा. वस्तीत फोटो काढणारी पोरं शोधायला लांब जावं लागणार नाही; कॅटलॉगवाल्यांकडेच विचारा, त्यांच्या हार्ड डिस्कमध्ये स्वतःसाठी काढलेलं काहीतरी नक्की पडलेलं असतं. वीस-पंचवीस फोटो पुरे. ते छापून घेताना एखाद्या चेकरला बरोबर न्या, पट्टा आला तर तो सोडणार नाही. म्हाताऱ्याच्या सुरकुत्या शक्यतो नकोत. आणि प्रत्येक फोटोखाली दोन नावं लिहा: काढणाऱ्याचं, आणि फोटोत जो उभा आहे त्याचं. नाव माहीत नसेल तर जाऊन विचारा. माणूस तीन गल्ल्या पलीकडे राहतो.